तक्त्यात नसलेली गाडी

प्रश्न : वय ५४. विलेपार्ले पूर्वेला राहतो. गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी नोकरीला बंगळुरूत, मुलगा स्टुटगार्टला शिकतो. घरची होंडा सिटी आहे, ती राहणारच. पण कॉलेजात असल्यापासून दोन सीटच्या, छप्पर उघडणाऱ्या स्पोर्ट्स कारची हौस आहे. ४० लाख बाजूला काढलेत. सेकंड हँडमध्ये तीन गाड्या बघून आलो : २०१२ची बीएमडब्ल्यू झेड-४ ३५आय, २०१२ची मर्सिडीज एसएलके ३५० आणि २०१३ची साधी पोर्शे बॉक्सटर. बॉक्सटर सर्वांत महाग, ताणूनताणून बजेटमध्ये बसते. मुलगा म्हणतो, अजून पैसे घाला आणि नवी इलेक्ट्रिक एमजी सायबरस्टर घ्या. दिसणं, पैशाचं मोल आणि पळणं अशा तीन रकान्यांचा तक्ता केला, तर तिघींची बेरीज सारखीच येते. पत्नी म्हणते, ‘या वयात हे काय सुचतंय!’ रविवारी सकाळी कोस्टल रोड, महिन्यातून एखाद्या वेळी लोणावळा, एवढाच वापर. इमारत नवी झाल्यापासून पार्किंग मात्र स्टॅकमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक चढवणाऱ्या यंत्रात आहे. कोणती घेऊ?
— दोनच सीटवाला, पार्ले

उत्तर :

दोनच सीटवाले साहेब,

तुमचा तक्ता नीट पाहिला. बँकेतला माणूस रकाने आखणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्टॅक पार्किंगचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, ताजा कलम टाकावा तसं टाकलंय. माझ्या मते सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

दोन सीटच्या गाडीला दारं दोनच असतात, म्हणून ती लांबलचक असतात. तुमच्या सिटीचं दार जेवढ्या जागेत उघडून तुम्ही बाहेर येता, तेवढ्याच जागेत या गाडीचं दार उघडलंत तर बाहेर येईल फक्त तुमचा उजवा हात. त्यात सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर. पॅलेटच्या, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या लोखंडी फळीच्या, दोन्ही कडांना पट्टी असते, ती दाराच्या खालच्या ओठाला लागते का, हा दुसरा प्रश्न. तिसरा, पॅलेटवर चढताना पुढचा बंपर घासतो का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाहीत. ती तुमच्या तळमजल्यावर आहेत.

एसएलके या तिघींत सर्वांत आखूड, लांबी ४,१३४ मिलिमीटर. झेड-४ त्याहून दहा सेंटिमीटरने लांब, बॉक्सटर ४,३७४. सिटी मावते तिथे लांबीला तिघीही मावतील. रुंदीला तिघी १,८००च्या आगेमागे, आणि आरसे त्यात धरलेले नाहीत. तुमची सिटी याहून अरुंद आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कमी होतील असं धरून चाला.

चिरंजीवांच्या सूचनेचाही इथेच निकाल लावू. पोरगा राहतो स्टुटगार्टला, म्हणजे मर्सिडीज आणि पोर्शे दोघींच्या माहेरी, आणि सुचवतो चीनमध्ये बनलेली गाडी! सायबरस्टर वाईट नाही. ५१० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत, तुमच्या यादीतली कुठलीच गाडी तिच्या जवळपास येत नाही. दारं कात्रीसारखी वर उघडतात, त्यामुळे बाजूला खांब असला तरी अडचण नाही. पण वरचा पॅलेट डोक्यावर टेकलेला असेल तर? दाराला सेन्सर आहे, ते मध्येच थांबेल. म्हणजे तुम्ही अर्ध्या उघडलेल्या दारातून ओणव्याने बाहेर. रुंदी १,९१३, वजन दोन टनांच्या घरात. आणि २०२५च्या जुलैमध्ये ती आली तेव्हा शोरूमची किंमतच ७५ लाखांच्या आसपास होती. ‘अजून थोडे पैसे’ म्हणजे तुमच्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट. पोराला सांगा, तुझ्या पहिल्या पगारातून घे.

आता पळण्याचा रकाना. झेड-४ आणि एसएलके दोघींची ताकद ३०६ अश्वशक्ती, आकडासुद्धा तोच. बॉक्सटर २६५. शून्य ते शंभर तिघीही सव्वापाच ते पावणेसहा सेकंदांत उरकतात. तुमच्या तक्त्यात यासाठी बॉक्सटरला एक गुण कमी पडलाय. जरा हिशेब करा. साडेपाच सेकंदांत शंभर गाठायला साधारण पंचाहत्तर-ऐंशी मीटर रस्ता लागतो. कोस्टल रोडवर सरळ भागात मर्यादा ८०, बोगद्यात ६०. म्हणजे मरीन ड्राइव्हहून बोगद्यात शिरल्यावर तुमची सगळी मौज तीन सेकंदांत संपणार आणि चौथ्या सेकंदाला कॅमेऱ्याचं चलन. अटल सेतू आणि एक्स्प्रेसवेवर १००. या शहरात दोनशेच्या पुढची ताकद ही बहुतेक वेळा लॉकरमधल्या सोन्यासारखी असते. आहे एवढं समाधान.

मजा मग कशात? वजनात आणि वळणात. १९८९मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली, तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं होतं, ताकद शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या मध्ये कुठेतरी आणि वजन एक टनाच्या आत. आजची घरगुती एसयूव्ही तिला सिग्नलवर मागे टाकेल. तरीही २०१६पर्यंत ती दहा लाख विकली गेली, कारण तिशीच्या वेगातसुद्धा स्टिअरिंग हातात बोलतं. ती अधिकृतपणे आपल्याकडे आलीच नाही. आपल्याकडे काय होतं, तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, फायबरग्लासची, रेनॉच्या जेमतेम बाराशे सीसी इंजिनाची. टाटांनी २०१७ला जिनिव्हात रेसमो नावाची देखणी दोन सीटची गाडी दाखवली आणि दाखवूनच ठेवली. तेव्हा हौस भागवायला जर्मनीकडेच जावं लागतं. या वजनाच्या कसोटीवर झेड-४ आणि एसएलके दीड टनाच्या आसपास, कारण दोघींना दुमडणारं पत्र्याचं छप्पर आणि ते उचलणारी यंत्रणा. बॉक्सटरचं छप्पर कापडी, वजन साडेतेराशे किलोच्या आत, आणि इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. सगळा भार पोटाशी. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट पहाटे चढून बघा, चाळिसाच्या वेगातसुद्धा फरक कळतो. झेड-४ ला वळणात तिचं लांब नाक आधी वळवावं लागतं, मग तुम्ही वळता. बॉक्सटर तुमच्याभोवती वळते.

दिसण्याच्या रकान्यात मी ढवळाढवळ करत नाही. फक्त एक. तुम्ही झेड-४ ला पैकीच्या पैकी दिलेत ते बरोबर आहे. ती रेषा बाईच्या हातची आहे. बाहेरचं रूप युलियाने ब्लासी यांचं, आतलं नाद्या अर्नाऊट यांचं. मारे पौरुषाच्या जाहिराती करणाऱ्या या धंद्यात ही गोष्ट मला फार आवडते, वहिनींनाही सांगा. पण त्या सुंदर बॉनेटखालच्या जुळ्या टर्बोच्या सहा सिलिंडर इंजिनाचा हाय प्रेशर फ्युएल पंप बदनाम आहे, आणि पाण्याचा इलेक्ट्रिक पंपही आधी न सांगता राम म्हणतो. बदलून झालेत का, बिलं आहेत का, विचारा. एसएलकेचं व्ही-सिक्स त्यामानाने सोशिक. त्या गाडीत मानेवर गरम हवा सोडणारी सोय मिळते, तिचं नाव एअरस्कार्फ. मुंबईत! विक्रेत्याने तिचे जादा पैसे लावले असतील तर हसून सोडून द्या.

आता पावसाकडे येतो, कारण माझा खरा सल्ला त्यातून निघतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर पश्चिम उपनगरातल्या एका विक्रेत्याकडे लाल रंगाची अशीच गाडी बघायला गेलो होतो. चकचकीत. आत नवं कार्पेट, नव्या मॅट, लिंबाचा वास. मित्र चावी हातात घेऊन फोटो काढायच्या तयारीत. मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात बेल्ट अर्धाच बाहेर येतो, उरलेला आत गुंडाळलेला असतो. शेवटच्या दीड हातावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ होती, आणि तो भाग नाकाशी नेला तर गटाराचा वास. विक्रेता म्हणाला, ‘एसीचं पाणी असेल, साहेब.’ एसीचं पाणी खांद्याइतकं चढतं म्हणे! आम्ही समोरच्या टपरीवर कटिंग घेतला आणि घरी आलो.

पार्लेकरांना २००५चा २६ जुलै सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. मिलन सबवे तर वर्षानुवर्षं आपला हप्ता घेत आलाय. जमिनीलगतच्या गाडीला गुडघाभर पाणी म्हणजे हवा ओढायच्या तोंडापर्यंत पाणी. इंजिनात पाणी शिरलं आणि तुम्ही स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. इतक्या जुन्या गाडीला ते द्यायला कंपन्या नाखूश असतात. टोकन देण्याआधी विमावाल्याला फोन करा.

दुसरं पाणी वरून येतं. छप्पर दुमडणाऱ्या प्रत्येक गाडीत छपराच्या खोबणीतलं पाणी खाली सोडायला बारीक नळ्या असतात. पार्ल्यात झाडं उदंड, गुलमोहराची बारीक पानं त्या नळीत अशी जाऊन बसतात की जणू त्यांच्यासाठीच ती केलीय. नळी तुंबली की पाणी आत. पहिल्या पिढीच्या झेड-४ मध्ये छपराची मोटरच अशा तुंबलेल्या पाण्यात बुडून मरायची. जुन्या बॉक्सटरमध्ये किल्ली ओळखणारा सीटखालचा कंट्रोल युनिट भिजायचा आणि मग गाडी मालकालाच ओळखेनाशी व्हायची. नळ्या दर मे महिन्यात साफ केल्या तर काही होत नाही, पण दर मे महिन्यात आठवण ठेवणारा माणूस मी अजून पाहायचाय.

आणि छप्पर उघडणार कधी? जून ते सप्टेंबर विषय नाही. ऑक्टोबरात डोकं तापतं. मार्चपासून घाम. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही सकाळी आठच्या आत. आठनंतर तुमचं नाक आणि पुढच्या डंपरचा सायलेन्सर एका उंचीवर येतात. शेजारी बेस्टची बस असली तर तिच्या खिडकीतून येणारी पिचकारीही लक्षात घ्या, टोपी घालणं शहाणपणाचं. वर्षात फार तर वीस-पंचवीस सकाळी. त्यासाठी बाराही महिने छपराची यंत्रणा, नळ्या, रबर आणि कापड सांभाळायचं.

म्हणून मी तुम्हाला तक्त्यात नसलेली गाडी सुचवतो. पोर्शे केमन, २०१३-१४ची, २.७ लिटरची. ती बॉक्सटरचीच सख्खी बहीण. इंजिन त्याच जागी, तीच चाल, फक्त छप्पर पक्कं. ताकद २७५, बॉक्सटरपेक्षा दहाने जास्त. छप्पर पक्कं असल्याने सांगाडा अधिक ताठ, वळणात अजून चोख. गळती नाही, आतला आवाज कमी, आणि डिकी बघा : पुढे १५० लिटर आणि मागे काचेखाली २७५. लोणावळ्याला दोन बॅगा, चिक्कीचे डबे आणि वहिनींचा थर्मास आरामात. बॉक्सटरला मागे १३०च मिळतात. दिसायला? मागून, खांद्याच्या उंचीवरून बघितली तर बॉक्सटरपेक्षा उजवी, हे माझं मत. तुम्हाला पटेलच असं नाही.

‘पण उघडं छप्पर हीच तर हौस!’ असं तुम्ही म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हौसेला तर्क लागू नसतो. तसं असेल तर बॉक्सटरच घ्या. तिचं छप्पर नऊ सेकंदांत उघडतं, ताशी ५० पर्यंत चालत्या गाडीतही, म्हणजे सिग्नलला अडकायची वाट बघायला नको. झेड-४ आणि एसएलकेला वीस-वीस सेकंद लागतात आणि उघडल्यावर पत्रा डिकीत येऊन बसतो. झेड-४ ची डिकी ३१०वरून १८० लिटरवर येते. बॉक्सटरमध्ये मोठ्या इंजिनाची ‘एस’ मात्र शोधू नका. ३१५ अश्वशक्तीचा आकडा ऐकायला बरा. सहा सिलिंडरचा खरा आवाज साध्या २.७मध्येही तोच आहे, आणि तो ऐकायला इंजिन वर, म्हणजे जास्त आरपीएमपर्यंत, फिरवावं लागतं. लहान इंजिन या शहरात जास्त वेळा वर फिरवता येतं. १९९६च्या पहिल्या बॉक्सटरपासून पुढच्या बारा वर्षांतल्या गाड्यांमध्ये इंजिनाचं एक बेअरिंग अचानक तुटण्याची भीती असायची. तुम्ही पाहिलेल्या २०१३च्या पिढीत ते नाही, तेव्हा जुन्या गोष्टी ऐकवून कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

कागदपत्रं. २०१३ची नोंदणी म्हणजे २०२८ला पंधरा वर्षं पूर्ण. त्यानंतर फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. आयात केलेल्या चारचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क २०२२पासून ४०,००० रुपये झालंय, साध्या गाडीच्या कित्येक पट. ही रक्कम किमतीतून आजच वजा करून मागा. नंबर एमएच आहे ना? मुंबईत अशा गाड्या झारखंड, पुदुच्चेरी, हिमाचल अशा पाट्या लावून फिरताना दिसतात, कर वाचवायला. तशी गाडी तीन लाखांनी स्वस्त वाटते, पण इथे नावावर करताना आरटीओत एनओसीपासून रस्ता करापर्यंत सगळं तुमच्या गळ्यात. मागचा मालक कंपनी असेल तर कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, जन्म त्यातच गेलाय तुमचा.

सर्व्हिस बुक नसलेल्या पोर्शेकडे ढुंकूनही बघू नका. या गाडीचं इंजिन डोळ्यांना दिसतच नाही. मागच्या डिकीत तेल आणि कूलंट टाकायची दोन झाकणं तेवढी दिसतात. आपला कोपऱ्यावरचा मेकॅनिक, कितीही हुशार असला तरी, लिफ्टवर चढवल्याशिवाय आत हात घालू शकत नाही. म्हणून विकत घेण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा ज्याच्याकडे या गाड्या रोज येतात अशा गॅरेजमध्ये पैसे देऊन तपासणी करून घ्या. विक्रेता ‘गरज नाही’ म्हणाला की तेच उत्तर समजा. टायरवरची तारीखही वाचा. चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाड्यांच्या टायरची नक्षी नवीकोरी असते आणि रबर मात्र दहा वर्षांचं, पापडासारखं. स्टेपनी अशा गाड्यांत सहसा नसते, आणि पावसाळ्यातल्या घोडबंदर रोडवर ही गोष्ट आठवते.

पेट्रोलचंही बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्या वर्षांतल्या युरोपीय गाड्या साधारण १० टक्क्यांपर्यंत धरून बनवलेल्या. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि तुमची गाडी सहा दिवस उभी, सातव्या दिवशी चालणारी. टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवू नका. आठवड्यातून एकदा पाऊण तास तरी चालवा, पावसातसुद्धा. बॅटरीसाठीही ते बरं. खर्चाचं म्हणाल तर ४०चे ४० गाडीत घालू नका. चौतीस-पस्तीसची गाडी, बाकी पहिल्या वर्षाच्या टायर-ब्रेक-तेलाला. तेवढ्यात चांगली केमन मिळत नसेल तर सहा महिने थांबा, अशा गाड्यांची गिऱ्हाइकं कमी असतात आणि पावसाळ्यात तर विकणारा जास्त नरम असतो.

राहिल्या वहिनी. त्यांचा आक्षेप तुम्ही वयाचा समजताय, मला तो सीटचा वाटतो. या गाडीत शेजारची एकच खुर्ची असते आणि तुमच्या पत्रात ‘रविवारी सकाळी’च्या पुढे ‘आम्ही’ हा शब्द कुठेच नाही. बघायला जाताना त्यांना न्या. साडीत बसायचं तंत्र दाखवा : आधी पाठमोरं सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम जुळवून आत घ्यायचे. उतरताना उलट. एक पाय आत टाकून बसायला गेलं की निऱ्या अडकतात आणि गाडीवरचा राग कायमचा होतो. त्यांना पुढच्या खड्ड्याचा दणका कमरेत बसतो का, ते बघा. बसत असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि एसएलके घ्या, ती या सगळ्यांत मऊ आहे. केमनमध्ये त्या हसल्या, तर मग तुमच्या तक्त्याची गरज उरणार नाही.

आणि हो, आज संध्याकाळी मेजरिंग टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. पॅलेटची आतली रुंदी, कडेच्या पट्टीची उंची, खांबापासूनचं अंतर आणि पॅलेटवर लिहिलेली वजनाची मर्यादा, चारही लिहून घ्या. वॉचमनला विचारून सिटी पॅलेटवर असताना ड्रायव्हरचं दार किती उघडतं, तेही मोजा. हे पाच आकडे घेऊनच गाडी बघायला जा.